कोशात घ्यायचं कुणाला? मराठा इतिहासकारांच्या संदर्भकोशाचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

मुंबईतल्या एका संशोधन संस्थेने काही वर्षांपूर्वी मराठा साम्राज्याच्या इतिहासकारांचा संदर्भकोश करायला घेतला. सतराव्या शतकातल्या बखरकारांपासून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ज्यांनी हा इतिहास लिहिला, त्या प्रत्येकाची नोंद एका ठिकाणी मिळावी, हा हेतू. संस्था, माणसं आणि पुढे येणारं एक घराणं ओळखू येणार नाही अशा बेताने तपशील ठेवला आहे. मी सल्लागार बैठकांना बसत होतो, नोंदी लिहिणाऱ्यांत नव्हतो. निर्णय होताना पाहिले. ते निभावण्याचे कष्ट दुसऱ्यांचे.

गरज खरीच होती. सभासद बखर वाचायला घेणाऱ्या विद्यार्थ्याला मजकूर कुठल्याही दुकानात मिळतो. पण ती पहिल्यांदा कोणत्या प्रतीवरून छापली, पुढच्या संपादकांनी कोणत्या प्रती पाहिल्या, कोणत्या आज हयात आहेत, हे कळायला त्याला दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, टाऊन हॉलमधली एशियाटिक सोसायटी, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं पुराभिलेखागार असं फिरावं लागतं, आणि तरी शेवटी डेक्कन क्वीन पकडून पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात जावं लागतंच. माहिती आहे, पण ती शंभर प्रस्तावनांत विखुरलेली.

मुख्य संपादक निवृत्त प्राध्यापिका होत्या. त्यांना सगळे ‘बाई’ म्हणत. एक सहसंपादक फारसी जाणणारे. समन्वयक पीएच.डी. करत असलेला तरुण. आणि मोडी वाचणारे एक जुने जाणकार, ज्यांना वयामुळे आणि स्वभावामुळे ‘अण्णा’ हे नाव आपोआप पडलं होतं. पैसे एका न्यासाने दिले होते, तीन वर्षांसाठी. नोंदी बाहेरच्या अभ्यासकांकडून मानधनावर लिहून घ्यायच्या होत्या.

अडचण कुठे होती

पहिल्या आराखड्यात प्रत्येक नोंद व्यक्तीच्या नावाने होती. हे साहजिक होतं. मराठीत चरित्रकोशांची परंपरा दांडगी. सिद्धेश्वरशास्त्री चित्राव यांचे प्राचीन, मध्ययुगीन आणि अर्वाचीन चरित्रकोश ज्यांनी वापरले आहेत, त्यांच्या डोळ्यांसमोर कोश म्हटला की माणसांची अकारविल्हे यादीच येते. चरित्र, ग्रंथ, हस्तलिखितं, छापील आवृत्त्या, मूल्यमापन असा नोंदीचा साचा ठरला आणि नावांची यादी वाटली गेली.

एकोणिसाव्या-विसाव्या शतकातल्या मंडळींना हा साचा चपखल बसला. गोविंद सखाराम सरदेसाई, जन्म 1865, मृत्यू 1959, ‘मराठी रियासत’, पेशवे दप्तरातल्या निवडक कागदांचे 45 खंड. त्र्यंबक शंकर शेजवलकर, 1895 ते 1963, पानिपतवरचा ग्रंथ. नोंद लिहिणाऱ्याला साहित्य कमी नव्हतं, उलट आवरायचं कसं हा प्रश्न होता.

बखरींपाशी मात्र साचा पहिल्याच फटक्यात मोडला. कृष्णाजी अनंत सभासद ठीक. राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून जिंजीला बखर लिहिली एवढं तरी हातात आहे. मल्हार रामराव चिटणीसही ठीक. पण भाऊसाहेबांची बखर कुणाच्या नावावर टाकायची? कृष्णाजी शामराव हे नाव तिला जोडलं जातं, त्यावर एकमत नाही आणि त्या नावामागे चरित्र म्हणावं असं काही हाती लागत नाही. एक्याण्णव कलमी बखरीची गत आणखी अवघड. तिचं कर्तृत्व, म्हणजे ती रचल्याचं श्रेय, दत्ताजी त्रिमल वाकनिसांकडे दिलं जातं, त्यालाही आक्षेप आहेत; शिवाय तिची एकमेकींशी न जुळणारी रूपं आहेत. व्यक्तिनामाने नोंद केली की जे वादग्रस्त आहे तेच शीर्षक होऊन बसतं. वाचक पुढची सावध वाक्यं वाचत नाही, शीर्षक उचलतो आणि प्रबंधात टाकतो.

अकारविल्हे क्रमाचीही पंचाईत झाली. सभासद, चिटणीस, वाकनीस ही पदं. कुणाच्या घराण्यात ती आडनाव झाली, कुणाच्या नाही. पानिपतची बखर लिहिणारा रघुनाथ यादव ‘र’खाली शोधायचा की ‘य’खाली? शिवाय कृष्णाजी तीन: सभासद, शामराव आणि पेशव्यांची बखर लिहिणारे कृष्णाजी विनायक सोहोनी. समन्वयकाने बैठकीत फळ्यावर तिन्ही नावं एकाखाली एक लिहिली आणि म्हणाला, “बाई, यांतला पहिला कोण ते तुम्ही सांगा, मग मी पुढची यादी लावतो.”

तोवर वर्ष सरत आलं होतं आणि यादी दुपटीच्या पुढे गेली होती. प्रत्येक लेखक आपल्या नोंदीबरोबर दोन नवी नावं सुचवत होता.

कोणते पर्याय समोर होते

बाईंनी काम थांबवलं आणि सगळ्यांना दोन दिवस बसवलं. हा या प्रकरणातला पहिला खरा निर्णय, आणि माझ्या मते सर्वांत चांगला. न्यासाला प्रगतीचा अहवाल द्यायचा असताना ‘आम्ही थांबलो आहोत’ म्हणायला धीर लागतो.

एक मत असं होतं की साचा तसाच ठेवावा आणि वादग्रस्त नावापुढे प्रश्नचिन्ह टाकावं. वेळ वाचला असता. अण्णांनी याला साफ विरोध केला: छपाईत प्रश्नचिन्ह गळतं, नाव राहतं. दुसरं मत कोश पूर्णपणे ग्रंथांवर बेतावा असं होतं. त्याने बखरींचा प्रश्न सुटत होता, पण मग जुने कागद शोधून छापणाऱ्या वासुदेवशास्त्री खरे किंवा पारसनीस यांचं काय? त्यांची कामगिरी पाच-पन्नास पुस्तकांत विभागून टाकली तर माणूसच दिसेनासा होतो. तिसरा पर्याय दुहेरी नोंदींचा: ग्रंथाची वेगळी, व्यक्तीची वेगळी, दोन्हींमध्ये आंतरसंदर्भ. काम वाढणार हे उघड होतं. चौथा पर्याय फारसी जाणणाऱ्या सहसंपादकांनी मांडला: छापील कोशाचा नाद सोडा, संगणकावर माहितीसंच करा, जसजशी नोंद होईल तसतशी खुली करा. तरुणांना तो पटला. न्यासाच्या करारात ‘ग्रंथ’ हा शब्द होता, त्यामुळे तो तिथेच बारगळला.

पहिला निर्णय: दुहेरी नोंद

शेवटी तिसरा पर्याय घेतला, पण एका मुरडीसह. 1818 पूर्वीच्या भागात मुख्य नोंद ग्रंथाची, व्यक्तीची फक्त छोटी. 1818 नंतरच्या भागात उलट. पेशवाईच्या अखेरीबरोबर लिहिणाऱ्याचं स्वरूपही बदलतं, हे त्यामागचं कारण. एडवर्ड स्कॉट वेअरिंगचा इंग्रजी इतिहास 1810 चा आहे, त्यामुळे रेषा अगदी सरळ पडत नाही. पण ग्रँट डफच्या मराठ्यांच्या इंग्रजी इतिहासापासून, म्हणजे 1826 पासून, लेखक स्वतःच्या नावाने, साधनांचा हवाला देत उभा राहतो. त्याला उत्तर म्हणून 1860 च्या दशकात नीळकंठ जनार्दन कीर्तने टीका लिहितात, 1878 मध्ये ‘काव्येतिहाससंग्रह’ हे मासिक सुरू होतं, 1898 मध्ये वि. का. राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड येतो. या साखळीत माणसं महत्त्वाची.

ग्रंथाच्या नोंदीत ‘कर्तृत्व’ असं वेगळं सदर केलं. तिथे प्रत्येक दावा, तो कुणी आणि कशाच्या आधारे केला ते, आणि संपादकांचं मत. मत नसेल तर तसंही लिहायचं. शीर्षकात फक्त ग्रंथाचं नाव.

दुसरा निर्णय: कुणाचा इतिहास, कुठल्या भाषेतला

यावर वाद जास्त रंगला, कारण यात मन गुंततं. नियम ठरला तो असा: ज्याच्या लेखनाचा मुख्य विषय मराठे आहेत तो आत, ज्याच्याकडे मराठे ओघात येतात तो बाहेर. भाषा कुठलीही. या नियमाने खाफीखान आणि तारीख-ए-दिलकुशा लिहिणारा भीमसेन सक्सेना बाहेर गेले. दोघेही मराठ्यांबद्दल भरपूर सांगतात, पण ते मोगलांचे इतिहासकार. ‘शिवभारत’ रचणारा कवींद्र परमानंद संस्कृतात लिहूनही आत आला. रॉबर्ट ऑर्मच्या 1782 च्या ग्रंथाच्या लांबलचक शीर्षकात मोगलांबरोबर मराठ्यांचं नाव आहे, म्हणून तोही आत.

खरी कसोटी काशीराज पंडिताची. मूळचा दक्षिणी ब्राह्मण, नोकरी अवधच्या शुजाउद्दौल्याकडे, पानिपतच्या वेळी समोरच्या छावणीत हजर, आणि हकिकत लिहिली ती फारसीत. “हा आपला की त्यांचा?” असं एका सल्लागाराने विचारलं, तेव्हा बाईंनी हा प्रश्न कार्यवृत्तातून काढून टाकायला सांगितला. ठेवायचा प्रश्न एवढाच: तो मराठ्यांबद्दल मुख्यत्वे लिहितो का? पानिपतची लढाई हाच त्याचा विषय. नोंद झाली, ग्रंथाच्या विभागात.

मुंबईत बसून काम करणाऱ्यांना महिकावतीची बखर वगळणं जिवावर आलं. केळवे-माहीमचा, साष्टीचा, आपल्या पायाखालच्या बेटांचा इतिहास सांगणारी बखर, राजवाड्यांनी 1924 मध्ये छापलेली. पण ती मराठा सत्तेच्या आधीची, निरनिराळ्या काळात निरनिराळ्या हातांनी रचलेली. नियमाने बाहेर. ती राजवाड्यांच्या नोंदीत संपादित ग्रंथ म्हणून घ्यायची ठरली, तेवढ्यावर भागवलं.

हयात व्यक्तींच्या नोंदी नकोत, हे दोन मिनिटांत ठरलं.

तिसरा निर्णय: प्रत पाहिल्याशिवाय लिहायचं नाही

अण्णांचा हट्ट होता की हस्तलिखिताचा उल्लेख करायचा तर ते कुणीतरी डोळ्यांनी पाहिलेलं हवं. जुन्या प्रस्तावनांत ‘अमक्याच्या संग्रही’ असं लिहिलेली प्रत आज तिथे असतेच असं नाही. याचं सर्वांत ठळक उदाहरण मुंबईचंच आहे. ग्रँट डफने आपल्या तळटीपांत अनेक कागदांच्या नकला मुंबईच्या लिटररी सोसायटीकडे ठेवल्याचं नोंदवलं आहे. त्या पुढे कुणाला सापडल्या नाहीत, आणि त्यावरून त्याने मूळ कागद जाळल्याच्या कथा महाराष्ट्रभर फिरल्या. कोशाने काय करायचं? ‘पाहिलेली’, ‘सूचीत आढळलेली’ आणि ‘केवळ उल्लेखाने ज्ञात’ अशा तीन खुणा ठरल्या. जाळल्याची कथा डफच्या नोंदीत आली नाही; नकलांचा उल्लेख तिसऱ्या खुणेसह आला.

तारखांनाही हाच न्याय. सभासद बखरीचं वर्ष कुठे 1694, कुठे 1697 असं छापलेलं दिसतं, आणि लेखक मंडळी जे पुस्तक हाताशी त्यातलं वर्ष उचलतात. अण्णांची रीत सोपी: शकात 12 मिळवा, 60 ने भागा, बाकी राहील तो संवत्सराचा, म्हणजे साठ वर्षांच्या चक्रातल्या नाव असलेल्या वर्षाचा, क्रमांक. शके 1619 ला अकरावा, ईश्वर. शके 1616 ला आठवा, भाव. प्रतीत संवत्सर ईश्वर असेल तर आकडा 1619 च हवा, म्हणजे इसवी 1697. नकलाकाराच्या हातून अंक चुकतो, संवत्सराचं नाव सहसा चुकत नाही. शुहूर सनाचंही तसंच; मराठा दप्तरात वर्ष अरबी संख्यांत लिहायची ही कालगणना. ‘खमस सबैन व अलफ’ म्हणजे 1075. त्यात 599 मिळवले की 1674, पण वर्ष मृग नक्षत्रापासून, म्हणजे साधारण जूनपासून, पुढच्या मृगापर्यंत असल्याने जानेवारीपासून मृगापर्यंतच्या तारखेला 600 मिळवायचे. एका लेखकाने सरसकट 599 मिळवून पाठवलेल्या तारखा समन्वयकाला पुन्हा मोजाव्या लागल्या. नंतर लेखनसंहितेत हे एक पानभर गणित घातलं गेलं. ते सुरुवातीलाच असायला हवं होतं.

या नियमाची किंमत मोठी होती. मोडी वाचणारे थोडे, त्यातही बखरीची प्रत आणि जमाखर्चाचा कागद यांचं वळण वेगळं. अण्णांवर सगळा भार आला आणि वेळापत्रक त्यांच्या डोळ्यांच्या तब्येतीवर चालू लागलं.

चौथा निर्णय: घरातला रुमाल

दरम्यान उपनगरात राहणाऱ्या एका कुटुंबाने संस्थेशी संपर्क साधला. घरात पिढ्यान्‌पिढ्या एक रुमाल, म्हणजे कागद बांधून ठेवलेलं कापडी गाठोडं, जपलेला, त्यात एका ज्ञात बखरीची प्रत. घराण्याची परंपरा अशी की ती बखर त्यांच्या पूर्वजाने रचली. प्रत दाखवायला तयार, अट एकच: कोशात कर्ता म्हणून पूर्वजाचं नाव यावं.

समन्वयकाला वाटलं, ‘परंपरेनुसार’ असा शब्द घालून मान्य करावं; प्रत हातची जाऊ नये. सहसंपादकांना सरळ नकार हवा होता. एका सल्लागाराने वेगळी भीती बोलून दाखवली: नकार दिला आणि प्रकरण पूर्वजाच्या अपमानाचं झालं तर? शिवाजी महाराजांवरच्या जेम्स लेनच्या पुस्तकावरून जानेवारी 2004 मध्ये पुण्याच्या भांडारकर संस्थेवर झालेला हल्ला कुणी विसरलेलं नव्हतं. ही भीती हास्यास्पद नाही, पण तिच्या बाजूने एकदा निर्णय घेतला की पुढचा प्रत्येक निर्णय तीच घेते.

बाई स्वतः त्यांच्याकडे गेल्या. कर्तृत्व सदराचा नमुना नेला आणि सांगितलं, तुमचा दावा छापू, शब्द न्‌ शब्द, तुमच्या घराण्याच्या नावासह किंवा नावाशिवाय. त्याखाली आमचं मत येईल, ते तुम्हाला छपाईआधी वाचायला मिळेल, बदलायला मिळणार नाही. कुटुंबाने नकार दिला. बरेच महिने काही घडलं नाही. मग घरातल्या सुनेने फोन केला. “बाई, सासऱ्यांना पटलंय, पण प्रत घराबाहेर जाणार नाही.” अण्णा तिथे जाऊन बसले. पानं उजेडाकडे धरली तर विलायती कागद, जलचिन्हात साल, आणि ते साल पूर्वजाच्या मृत्यूनंतरचं. म्हणजे ही नक्कल. मूळ रचना त्याची असू शकते, नसूही शकते. नोंदीत हेच आलं. कुटुंब खूश नव्हतं, पण छायाचित्रांना परवानगी दिली, आणि त्या प्रतीतला शेवटचा मजकूर छापील आवृत्तीत नसलेला निघाला.

पाचवा निर्णय: वेळ आणि पैसा

तिसऱ्या वर्षाच्या मध्यावर स्पष्ट झालं की सगळं पुरं होणार नाही. आलेल्या नोंदींचा दर्जाही विषम: कुणी 1,500 शब्द मागितले तर 6,000 पाठवले, कुणी जुन्या चरित्रकोशातला मजकूर जरा फिरवून दिला. दुसऱ्या प्रकारच्या नोंदी परत पाठवल्या, त्यातून दोन लेखक कायमचे दुरावले.

नमुना-उतारे द्यायचे होते, तिथे कायदा आडवा आला. लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून 60 वर्षं स्वामित्वहक्क. सरदेसाई 2020 पासून खुले, शेजवलकर 2024 पासून. पण दत्तो वामन पोतदार 1979 मध्ये गेले, वा. सी. बेंद्रे 1986 मध्ये, सेतुमाधवराव पगडी 1994 मध्ये. त्यांच्या वारसांची परवानगी घेत बसण्यापेक्षा उताऱ्यांची कल्पनाच दुसऱ्या, म्हणजे 1818 नंतरच्या, भागातून काढली. मला ते खटकलं. राजवाड्यांची भाषा आणि पगडींची भाषा शेजारी शेजारी ठेवली की जे दिसतं ते मूल्यमापनाच्या दहा ओळींत येत नाही.

न्यासापुढे दोन प्रस्ताव ठेवले: मुदतवाढ, किंवा 1818 पूर्वीचा ग्रंथविभाग पहिला भाग म्हणून वेळेत. न्यासाने दुसरा स्वीकारला.

काय साधलं

पहिला भाग निघाला. अपेक्षेपेक्षा बारीक, पण हस्तलिखितांच्या तीन खुणांमुळे वापरणाऱ्यांना तो लगेच उपयोगी पडला. ‘केवळ उल्लेखाने ज्ञात’ म्हटलेल्या काही प्रती आपल्याकडे असल्याची पत्रंही संस्थेला आली. टीका झाली ती मुख्यतः व्यक्तींच्या नोंदी आखूड असल्याची. ग्रंथालयांनी घेतला, दुकानांत फारसा खपला नाही, आणि तसा तो खपणारही नव्हता. केतकरांना ज्ञानकोशासाठी समभाग विकावे लागले होते. संदर्भग्रंथाचं अर्थकारण त्यानंतर फार सुधारलेलं नाही.

वेगळं काय करता आलं असतं

नावांची यादी वाटण्याआधी पाच अवघड नोंदी लिहून पाहायला हव्या होत्या. सोप्या नोंदीवर साचा तपासला की तो नेहमीच बरा वाटतो. भाऊसाहेबांची बखर आणि काशीराज पहिल्या महिन्यात घेतले असते तर जवळजवळ वर्ष वाचलं असतं.

मोडीसाठी एका माणसावर विसंबणं चुकीचं होतं. अण्णांच्या हाताखाली दोन तरुण वाचक पहिल्या दिवसापासून, पगारावर, बसवायला हवे होते. मोडीचे वर्ग मुंबईत चालतात, शिकलेली मुलंही आहेत; त्यांना कागद मिळत नाही, आणि इथे कागद असून हात नव्हते.

माहितीसंचाचा पर्याय करारातल्या एका शब्दापायी सोडायला नको होता. न्यासाला विचारलंच गेलं नाही. प्रतींबद्दल पत्रं येतात, खुणा बदलतात, आणि छापील पानावर त्या बदलता येत नाहीत.

घराण्याच्या बाबतीत मात्र मी काही बदललं नसतं. तो वेळ वाया गेला असं एका सल्लागाराला अजून वाटतं.

सध्याची स्थिती

दुसऱ्या भागासाठी नवं अनुदान शोधणं चालू आहे. स्त्री-इतिहासकार फार थोड्या आहेत, ही तक्रार पहिल्या बैठकीपासूनची. कमल गोखले यांच्या संभाजीचरित्राचं साल 1971, म्हणजे मूळ मर्यादेच्या पलीकडचं. मर्यादा 1950 वरून 1980 वर न्यायची की कसं, यावर एकमत झालेलं नाही, कारण ती सरकवली की यादी पुन्हा फुगते. राजवाड्यांची नोंद तिसऱ्या लेखकाकडे गेली आहे. पहिल्याने 22 खंडांची सूची पाठवली, दुसऱ्याने गौरवलेख. बाईंना हवी आहे ती त्यांच्या प्रस्तावनांची नोंद: संपादक म्हणून कागद छापणारा हा माणूस त्या प्रस्तावनांत इतिहासकार कसा होतो, आणि कुठे आपल्याच कागदांच्या पुढे धावतो.